पायाला न लागलेला चेंडू

माझ्या केबिनमधल्या शहाबादी फरशीवरून घरंगळत गेलेला एक पांढरा चेंडू अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. तरी घरी पाहुणे जमले आणि ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हणाले, की मला आधी तो चेंडूच आठवतो. या हकिकतीत नाव कुणाचंच सांगणार नाही. त्यात येणाऱ्या हॉकी संघाचं नावसुद्धा मी बदललं आहे.

तेव्हा मी नांदेड शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, आरोपी कोर्टात रवाना झाले होते आणि मी टपालावर सह्या करत बसलो होतो. ठाणे अंमलदार आत आला. एसटीच्या कंडक्टरबाई आल्यात, काय झालं ते सांगत नाहीत, साहेबांनाच भेटायचं म्हणतात, असं त्यानं सांगितलं. मला वाटलं, प्रवाशाशी भांडण झालं असेल.

बाई तिशीच्या. खाकी गणवेश, खांद्याला तिकिटाच्या मशीनची पिशवी. खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत. फेरी सुटायची होती म्हणाल्या, पण खरं कारण वेगळं असावं. पोलीस ठाण्यात बसलेलं कुणी बघू नये, अशी त्यांची धडपड दिसत होती.

“साहेब, माझा भाऊ हॉकी खेळतो. त्याला परदेशात नेऊन राहिले. बर्फावरची हॉकी म्हणतेत. तिथल्या संघाचा मालक सोताच लातूरला आलाय पोरं निवडायला.”

“मग चांगलंच आहे की.”

“चांगलं हाय तर काठी घरी ठिवून या कशाला म्हणतेत? खेळायला चाललेल्या पोराला काठी आणू नको म्हणायचं आन् गमबूट मात्र आठवणीनं आण म्हणायचं. हे कसलं खेळणं, साहेब?”

हदगाव तालुक्यातल्या एका गावचं हे कुटुंब. थोडी शेती, वडील ती बघत. आई भाऊ लहान असतानाच गेली आणि त्याला हिनंच वाढवलं. नोकरी लागल्यावर नांदेडात खोली करून त्याला इथे आणलं ते फक्त हॉकीसाठी. आमच्या नांदेडात हॉकीला मान आहे. ज्या गल्लीत क्रिकेटची बॅट नसेल त्या गल्लीत एखादी जुनी स्टिक नक्की सापडेल. मी स्वतः जिल्हा पोलिसांच्या संघाकडून खेळलो आहे आणि गुडघा तिथेच गमावला आहे.

“फिर्याद देता?” मी विचारलं.

बाई दाराकडे बघत म्हणाल्या, “फिर्याद नको. माझं नाव पन नको. त्याला कळलं तर जन्मात माझं तोंड बघणार न्हाई. लई आस लावून बसलाय तो. पन साहेब, मी रोज बसभर लोकांची तोंडं बघते. फुकट्या कोन, मला तिकीट मागायच्या आधी कळतं. तो मालक फुकट्या हाय.”

एवढं बोलून त्या गेल्या. बोलल्या तर भाऊ तुटणार आणि गप्प राहिल्या तर भाऊ कुठे जाईल ठाऊक नाही, अशा कात्रीत ती बाई सापडली होती. मी त्यांना शब्द दिला की नाव बाहेर येणार नाही.

आमचे जमादार जुने, नांदेडचंच पाणी प्यायलेले. त्यांना बोलावून विषय काढला तर ते हसायलाच लागले. “साहेब, आपल्याकडं बर्फ फकस्त रसवंतीवर भेटतो. तिथं कसली हॉकी?”

मग आम्ही दोघं मोबाईलवर बर्फावरची हॉकी बघत बसलो. बुटांना पाती लावून माणसं सुसाट पळतात, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते आणि पंचांच्या देखत एकमेकांना गुद्दे घालतात. जमादार चहा विसरले. आणि आश्चर्य म्हणजे तो संघ खरोखरच होता. इथे त्याला मी ‘एल्क’ संघ म्हणतो. एल्क म्हणजे मोठ्या शिंगांचं हरीण, ते त्यांच्या सदऱ्यावर होतं. संघाचे फोटो, सामने, जुन्या मालकांची नावं, सगळं सापडलं. सापडला नाही तो अलीकडच्या काळातला एकही सामना. आणि लातूरला आलेल्या या मालकाचं नाव.

जमादार म्हणाले, “नवा मालक आसंल.”

असेलही. पण मला ते पटेना. माझा स्वभाव तसा संशयी; माझी बायको म्हणते की मी भाजीवाल्याकडे वांगंसुद्धा जबाब घेतल्यासारखं उलटून बघतो.

लातूर आमच्या हद्दीत नाही. तिथल्या ठाण्याला कल्पना दिली, साधे कपडे घातले आणि मुखेडच्या एका होतकरू खेळाडूचा मामा बनून मी गेलो. सोबत जमादार, माझे मेहुणे म्हणून. मालकानं एका क्लासच्या इमारतीत वरचा हॉल भाड्यानं घेतला होता. लातूरला पालक पोराला कशाच्याही क्लासला घालतात, म्हणून त्या पाटीकडे कुणी दोनदा बघितलं नव्हतं. आम्ही जिना चढत होतो तेव्हा वरून पाढे म्हटल्यासारखा एका सुरातला आवाज येत होता.

“संघाची स्थापना कोणी केली?”

“लाकूड गिरणीच्या कामगारांनी!”

“पहिले मालक?”

“गिरणीचे मालक!”

“मग?”

“गिरणी बंद पडल्यावर रेडिओ स्टेशनचे मालक! त्यांनी संघ दुसऱ्या शहरात नेला! तिसरे मालक दातांचे डॉक्टर! चौथे मालक दोन सख्खे भाऊ, त्यांच्यात वाद झाला! पाचवे मालक आमचे सर!”

जमादारांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना कोपरानं गप्प केलं.

मालक पन्नाशीचा, गोरा, केस मागे वळवलेले, अंगात शिंगवाल्या हरणाचा सदरा. मराठी अगदी पुस्तकी बोलायचा. आईवडील इकडचे, पण आपला जन्म तिकडचा, असं त्यानं सांगितलं. “मी चौथ्या वर्षी बर्फावर उभा राहिलो. गवतावरच्या हॉकीला मी आयुष्यात हात लावलेला नाही. पंधरा वर्षं या संघाकडून खेळलो, जायबंदी झालो आणि शेवटी संघच विकत घेतला.” हे सांगताना त्याचे डोळे पाणावले. मुलं भारावून ऐकत होती. खरं सांगायचं तर क्षणभर मीही भारावलो.

हॉलमध्ये थोडी जागा मोकळी ठेवून सराव चालला होता. चाकाचे बूट घालून पोरं चकती सरकवत होती. त्यातलं एक काटक पोर फार चपळ होतं. कंडक्टरबाईंसारखीच हनुवटी, म्हणून मी त्याला लगेच ओळखलं. चकती त्याच्या बुटाकडे आली की तो झटकन पाय काढून घ्यायचा. मालक त्याच्यावर खेकसला. “किती वेळा सांगायचं? तुमच्या हॉकीत पायाला चेंडू लागला की फाऊल. आमच्या खेळात पाय चालतो! पायानं अडव, पायानंच पुढे ढकल. ही गावठी सवय मोडली नाही तर घरी जा.”

पोर रडवेलं झालं. मला त्याची सवय ठाऊक होती. लहानपणापासून मैदानावर ‘पाय, पाय’ म्हणून शिट्टी ऐकलेल्या माणसाचा पाय आपोआप मागे जातो. माझा अजूनही जातो. घरात लिंबू खाली पडलं तरी जातो.

मी भोळेपणानं विचारलं, “सर, हे मालकांचे प्रश्न कशाला पाठ करायचे?”

“व्हिसाच्या मुलाखतीला विचारतात. आणि ज्या संघाचं मीठ खायचं त्याचा इतिहास माहीत नको?”

उत्तर बिनतोड होतं. गमबुटांचं विचारलं तर म्हणाला, तिकडे बर्फ गुडघाभर असतो. काठीचं विचारलं तर म्हणाला, तिकडच्या काठ्या वेगळ्या, इथली ओझी कशाला न्यायची. एकाही प्रश्नाला तो अडखळला नाही आणि मला त्याचाच संशय आला. खऱ्या माणसाला आपल्याच आयुष्यातलं काहीतरी आठवत नाही. तो डोकं खाजवतो, बायकोला विचारतो. याला सगळं आठवत होतं.

पण संशयावर गुन्हा नोंदवता येत नाही. फिर्यादी नव्हता. पोरांचे आईबाप पेढे वाटत होते. आमच्याकडे अशा धंद्याला कबुतरबाजी म्हणतात. खेळाडू, गायक, भजनी मंडळ अशा नावाखाली माणसं विमानात बसवायची आणि तिकडे त्यांना कुठल्यातरी कामाला जुंपायचं. पासपोर्ट एकदा दलालाच्या हातात गेला की माणूस परतीचा राहत नाही. आणि पोरांचे पासपोर्ट मालकाकडेच होते.

बहुतेक मुलं नांदेडकडची, म्हणून गाडी नांदेडहून हैदराबादच्या विमानतळाकडे निघणार होती; त्या दिवशी दुपारी आम्ही शहराबाहेर नेहमीसारखी नाकाबंदी लावली. ट्रॅव्हल्सची गाडी थांबवली, कागद तपासायचे आहेत म्हणून सगळ्यांना ठाण्यात आणलं. मालक अजिबात चिडला नाही. केबिनमध्ये पाय लांब करून बसला. मला त्यानं ओळखलं.

“मामा, भाचा नाही पाठवलात?” असं म्हणून हसला. “हरकत नाही. मी परदेशी नागरिक आहे. माझा पासपोर्ट दूतावासात नूतनीकरणाला दिला आहे, ही त्याची पावती; मुलं पुढे जातील, मी मागून जाणार. तासाभरात सोडलं नाहीत तर मला तिकडे फोन करावा लागेल.”

पावती खरी की खोटी, हे तासाभरात कळणं शक्य नव्हतं. संघाचं निमंत्रण होतं, त्यावर शिंगवालं हरीण होतं. वरिष्ठांचा फोन आला, “काय आहे ते लवकर बघा, विमान चुकलं तर बोंब होईल.” मी एकेका मुलाशी वेगळं बोललो. त्यांना मालकानं आधीच बजावून ठेवलं होतं, की जळणारे लोक वाटेत आडवे येतील. कुणी जबाब द्यायला तयार नव्हतं. कंडक्टरबाईंचा भाऊ तर माझ्या अंगावरच आला.

“साहेब, आमच्या भागातलं एक पोरगं पुढं जाऊन राहिलं तं तुमच्या पोटात का दुखतंय?”

त्याच्या वयाचा असतो तर मीही हेच म्हणालो असतो. सामानाची झडती सुरू होती. कपडे, चिवड्याचे डबे, प्रत्येकाचे गमबूट. त्याच्या बॅगेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब निघालं. जमादारांनी चादर सोडली. आत त्याची हॉकी स्टिक आणि एक पांढरा चेंडू होता.

पोर गोंधळलं. “ही मी न्हाई घेतली.”

मालकाचा चेहरा पहिल्यांदा बदलला. “मी काठ्या आणायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं ना?”

“सर, आईशप्पथ मी न्हाई ठिवली.”

मी स्टिक हातात घेतली. मुठीवरची पट्टी झिजून काळी झाली होती. कितीतरी वर्षांनी हाताला ते वजन लागलं आणि हॉलमधलं ते खेकसणं आठवलं. मी मालकाला म्हटलं, “बसून पाय आखडले असतील, जरा उभे राहा. मुलांना विमान मिळेल.” तो उभा राहिला. मुलाला मी भिंतीपाशी उभं केलं. मग गप्पा मारता मारता, त्यांच्या तिसऱ्या मालकाबद्दल, त्या दातांच्या डॉक्टरबद्दल विचारता विचारता, मी चेंडू खाली टाकला आणि स्टिकनं हलकेच मालकाच्या पायाकडे ढकलला.

चेंडू त्याच्या बुटाच्या दिशेनं घरंगळत गेला. त्याचं तोंड दातांच्या डॉक्टरची गोष्ट सांगत होतं. पाय मात्र झटकन मागे गेला. चेंडू बुटाच्या टोकाला घासून गेला की नाही, हे मलाही दिसलं नाही.

मी बोट दाखवून ओरडलो, “पाय!”

“न्हाई लागला!” दोन्ही हात वर करून तो ओरडला. “पायाला न्हाई लागला!”

पंचापुढे पिढ्यान्‌पिढ्या नांदेडची पोरं हेच, याच सुरात ओरडत आली आहेत. त्याचे हात अजून वरच होते. ते त्यानं हळूहळू खाली घेतले.

मी विचारलं, “कोणत्या मैदानावर खेळायचास?”

मध्येच पोर बोललं. “सर, तुम्ही तं म्हनला व्हता गवतावर कधी खेळलाच न्हाई. मला रोज शिव्या देत व्हता पाय काढतो म्हनून. तुमचा पाय माझ्यावानीच गेला की.”

मालकानं पाणी मागितलं. पेला दोन्ही हातांनी धरून प्यायला. पुस्तकी मराठी त्या पाण्याबरोबरच गिळली गेली असावी, कारण पुढचं सगळं तो आमच्याच बोलीत बोलला. मूळचा उमरीकडचा. नांदेडच्या मैदानावर चांगला खेळायचा, निवड झाली नाही. पुढे कामासाठी परदेशात गेला आणि समुद्रकाठच्या मासळीच्या कारखान्यात राबला. त्या गावात एल्क संघाचं बंद पडलेलं स्टेडियम होतं. कारखान्याला माणसं हवी होती आणि ह्याला दलालीची वाट सापडली. मासळी धुण्याच्या ओल्या फरशीवर गमबूट लागतात. काठी तिथे काय करायची, आणि एखाद्यानं नेलीच तर कुणीतरी विचारणार, की अरे खेळणार कुठे?

“संघ तं खरा व्हता ना साहेब,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “इतिहास मी खोटा न्हाई सांगितला.”

हे मात्र खरं होतं. चार मालकांपर्यंत सगळं अस्सल होतं, फक्त पाचवा खोटा होता.

मी पोराकडे बघितलं. त्यानं सदऱ्यावरच्या हरणावरून हात फिरवला, नाक पुसलं आणि म्हणाला, “लिहून घ्या साहेब. फिर्याद माझी.” त्यानं जबाब दिला तसे बाकीचेही एकेक करून पुढे आले. पंचांसमक्ष उमरीच्या घराची झडती घेतली. या मुलांचे पासपोर्ट त्याच्या बॅगेतच होते; घरी सापडले ते आधी गेलेल्या काहींचे, तिकडे पोचल्यावर काढून घेतलेले. त्या आधीच्या मुलांना परत आणायला बराच काळ गेला, पण आली. घरच्यांनी मालकाला पैसाअडका काय काय देऊन टाकलं होतं त्याचा निवाडा कोर्टात झाला, तो इथे सांगत नाही. दोषारोपपत्रासाठी संघाच्या मालकीची चौकशी केली तेव्हा तिकडून कळलं, की दोघा भावांच्या भांडणात संघ केव्हाच बंद पडला होता. नाव कुणीच पुढे चालवलं नाही.

ठाण्यातून जाताना त्या मुलानं मला एकच विचारलं होतं. “साहेब, तुम्हाला आमच्याबद्दल सांगितलं कुनी?”

“आमचे खबरी असतात,” मी म्हणालो. त्यानं चादरीत गुंडाळलेली स्टिक उचलली आणि गेला.

पुढे मी निवृत्त झालो. गेल्या हिवाळ्यात हदगावला शाळकरी मुलांच्या हॉकी सामन्यांना पाहुणा म्हणून बोलावणं आलं. मैदानावर गेलो आणि उभाच राहिलो. एका संघाच्या सदऱ्यांवर मोठ्या शिंगांचं हरीण होतं. मागे नाव तेच. शिकवणारा तरुण धावत येऊन पाया पडला. आता भरदार झाला होता, पण हनुवटी तीच.

मी म्हटलं, “अरे, हे नाव?”

“कुनाचंच न्हाई ना ते साहेब आता. इतिहास मला पाठ व्हता, वाया कशाला घालवायचा?” तो हसला. “पोरायला पन पाठ करून घेतो. गिरणी कामगार, गिरणीवाले, रेडिओवाले, दातांचे डॉक्टर, दोघं भाऊ.”

“आणि पाचवा मालक?”

त्यानं रस्त्याकडे बोट केलं. मैदानाला लागून एसटी थांबली होती. खाकीतल्या बाई दारात उभ्या राहून पिशवीभर केळी एका पोराच्या हाती देत होत्या. “आमची ताई. सदरे तिनंच घेतले. तिची फेरी इकडून जाते.”

मग तो हळू आवाजात म्हणाला, “साहेब, ती स्टिक मी घातली नव्हती बॅगेत. आमच्या खोलीत दोघंच राहत व्हतो. मला त्याच दिवशी कळलं व्हतं, खबर कुनी दिली ते.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय. राग लई आला. वर्षभर धड बोललो न्हाई तिच्याशी. नंतर ती आधी गेलेली पोरं परत आली, मासळीच्या पाण्यानं फाटलेले त्यांचे हात बघितले.” त्यानं एकदा एसटीकडे बघितलं. “तिला सांगू नका साहेब, मला माहीत हाय म्हनून. मला काहीच ठाऊक न्हाई असं तिला वाटतं. तेवढं राहू द्या.”

बाई गाडीतून उतरून आल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी आल्या. भाऊ शिट्टी घेऊन मैदानात गेला. त्या माझ्याजवळ उभ्या राहिल्या, ठाण्यात राहिल्या होत्या तशाच अर्ध्या वळून, आणि पुटपुटल्या, “साहेब, त्याला कधी सांगितलं न्हाई ना तुम्ही?”

“नाही,” मी म्हणालो, “मी कधीच सांगितलं नाही.”

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इतकी वर्षं ही बाई रोज त्याच्यासमोर बसून जेवली असेल आणि रोज हे ओझं घेऊन उठली असेल, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मला भरून आलं. नोकरीभर मी लोकांच्या लपवण्याकडे गुन्हा म्हणूनच बघत आलो. माणसं एकमेकांना जपायलाही लपवतात, हे मला या दोघांनी शिकवलं, आणि तेही निवृत्त झाल्यावर.

मैदानात एका बारक्या पोराच्या पायाला चेंडू लागला. भावानं शिट्टी मारली. पोर दोन्ही हात वर करून ओरडलं, “न्हाई लागला! पायाला न्हाई लागला!”

“लागला रे बाबा,” बाई कडेवरून ओरडल्या, “मी बघितलं!” आणि भावानं त्यांच्याकडे बघून मान डोलवली, फाऊल दिला.